दुसरा रिमोट

मी मराठीची प्राध्यापिका आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण यापुढे मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यावर बोलण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. एम. ए.ला मला भाषाशास्त्र होते, संतवाङ्मय होते, अर्वाचीन काव्य होते. पण जुन्या व्हिडिओ गेमला बिनतारी रिमोट कोणता घ्यावा, हा प्रश्न कोणत्याही विद्यापीठाने मला घातला नव्हता. तो माझ्या दादाने घातला. गेले आठ महिने मी त्याचा अभ्यास करते आहे. एवढ्या चिकाटीने दुसरे काही केले असते तर माझी पीएच. डी. केव्हाच झाली असती, असे आमच्या स्टाफरूममध्ये म्हणतात. आणि ते खोटे नाही.

आमच्या खुलताबादेत जुन्या गोष्टींना काही तोटा नाही. इथे मलिक अंबर आहे, औरंगजेब आहे, पहिला निजाम आहे. सगळे आपापल्या कबरीत स्वस्थ. चार-पाच किलोमीटरवर वेरूळ. गावात पाहुणा आला की आम्ही त्याला तीनशे-चारशे वर्षांच्या आतले काही दाखवीतच नाही. त्यामुळे तीस-बत्तीस वर्षांपूर्वीच्या प्लॅस्टिकच्या एका पेटीला मी जुनी म्हणते, याचे गावाला हसूच येईल. पण आमच्या घरात तिच्याएवढी जुनी आणि अजून चालू असलेली दुसरी वस्तू नाही. आईचा मिक्सरसुद्धा मध्यंतरी गेला.

ही पेटी बाबांनी १९९३च्या दिवाळीत औरंगाबादहून आणली. तेव्हा शहराचे नाव तेच होते. दादा चौदा वर्षांचा, मी बारा. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले, त्याची ही नक्कल. अशा नकला तेव्हा बाजारात ढिगाने असत. अर्थात हे सगळे मला आता कळले. तेव्हा आम्ही तिला नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत असू. तिच्यात खोचायच्या ठोकळ्याला 'कॅसेट' म्हणत असू, जरी त्यात फीत नव्हती. आणि हातात धरायच्या वस्तूला 'रिमोट', जरी तिला चांगली जाड वायर होती. भाषा शिकवणाऱ्या बाईला आज याची गंमत वाटते. रिमोट म्हणजे दूरचा, आणि आमचा रिमोट आम्हाला टीव्हीपासून चार हात लांब जाऊ देत नसे. आई ओरडे, "डोळे फुटतील, मागं सरका!" पण मागे सरकले की पेटीच पुढे यायची.

रिमोट दोन होते. पहिला दादाचा, दुसरा माझा. ही वाटणी कोणी केली ते आठवत नाही. ती जन्मापासूनच झालेली असावी. दिसायला दोन्ही सारखे, पण पहिल्यावर मधोमध 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' अशी दोन बारीक बटने होती. दुसऱ्यावर ती जागा मोकळी. मूळ जपानी यंत्रातही तसेच होते. तिथे दुसऱ्या रिमोटला त्या बटनांच्या ऐवजी एक छोटा मायक्रोफोन तरी दिलेला असे, बिचाऱ्या धाकट्याला निदान ओरडता यावे म्हणून की काय. आमच्या नकलेत तोही नव्हता. म्हणजे खेळ सुरू करायचा तो दादाने आणि मध्ये थांबवायचा तोही दादानेच. आणि थांबवायचा कसा, तर 'कॉन्ट्रा'मध्ये माझा माणूस दरीवरून उडी मारून अगदी अधांतरी असतानाच! माझा माणूस हवेत गोठलेला, दादा आढ्याकडे बघत शीळ घालणार, आणि मी रडकुंडीला येणार. पुन्हा स्टार्ट दाबला की माझा अंगठा चुकलेला असे आणि माणूस दरीत गेलेला असे. माझे लहानपण या एका बटनावाचून गेले, असे म्हटले तरी चालेल.

मध्ये तीस वर्षे गेली. त्यांचे सांगण्यासारखे काही नाही. बाबा गेले, आई गेली, दादाचा मुलगा शिकायला पुण्याला गेला. आम्ही दोघे गावातच राहिलो, दोन गल्ल्यांच्या अंतराने.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका शनिवारी पहाटे दादाला झटका आला. डावी बाजू गेली. श्रावणातला शनिवार म्हणजे आमच्या गावात भद्रा मारुतीच्या दर्शनाला माणसांचा पूर लोटतो. रात्रभर पायी चालत लोक शहराहून येतात. रस्ता माणसांनी भरलेला, सगळे गावाकडे येणारे, आणि आमची एकटी गाडी उलट्या दिशेने शहराकडे निघालेली. मी मागे दादाचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. लोक हात करून वाट देत होते, मध्येच कोणी काचेतून बघून हात जोडीत होते. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा तो रस्ता मी कॉलेजच्या कामासाठी शेकडो वेळा गेले असेन. इतका लांब तो कधीच नव्हता.

दादा वाचला. बोलणे राहिले, पाय काठीच्या आधाराने आला. डाव्या हाताची बोटे मात्र मागे राहिली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने रबरी चेंडू दिला, तो दाबायचा. दादाने तो आठ दिवस दाबला आणि नवव्या दिवशी खिडकीबाहेर टाकला. "बायको म्हणती दाबा, पोरगं फोनवर म्हणतं दाबा. मी काय लिंबू पिळायलोय का?" असे म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला. हे असे दोन महिने चालले. त्याला काहीच नको होते. वहिनी माझ्याकडे बघायची, मी वहिनीकडे.

आणि संक्रांतीनंतर एके दिवशी, मी तिळगुळाचा डबा परत न्यायला गेले असताना, त्याने आपण होऊन विचारले, "आपला तो व्हिडिओ गेम कुठंय गं?"

तो माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होता. मी माळ्यावर किती घाईने चढले ते वहिनीला विचारा. कॅसेट आम्ही लहानपणी फुंकून लावीत असू. प्रत्येक घरातले प्रत्येक पोर तेच करी. आता वाचले की फुंकरीतली वाफ उलट त्या पितळी दातांना गंज चढवते. मऊ खोडरबराने हळू पुसावे किंवा स्पिरिटचा बोळा फिरवावा. मी बोळा फिरवला. तिसऱ्या खटपटीला टीव्हीवर 'कॉन्ट्रा' आला, आणि दादा उशीला टेकून नीट बसला. पडद्यावर नाव दिसताच तो म्हणाला, "वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए." तीन जन्मांचे तीस जन्म करून घेण्याचा हा मंत्र जगभरच्या पोरांना पाठ होता. दवाखान्यात डॉक्टरांनी वार विचारला तेव्हा ह्याच दादाला तो सांगता आला नव्हता. मंत्र म्हटला त्याने, बटने दाबली मी. कारण दिशेची फुली असते डाव्या अंगठ्याखाली. आणि पहिल्या आठही खुणा दिशेच्याच.

मग मला एक युक्ती सुचली. उजवा हात तर चांगला आहे. बदके मारायच्या खेळाची बंदूक ट्रंकेत होतीच. एका हाताचे काम! पण बंदूक काही केल्या लागेना. पुष्कळ शोधले तेव्हा कळले की ती बंदूक काही सोडीत नसते, ती बघत असते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. हे सगळे जुन्या डबा-टीव्हीच्या चालीवर बेतलेले. आजचा चपटा टीव्ही तेच चित्र किंचित उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. बंदूक ट्रंकेत परत गेली.

खरी अडचण वायरीची होती. दादाची कॉट खिडकीपाशी, भिंतीला लागून; तिथून न्हाणीघरापर्यंत त्याच्यासाठी आधाराचा दांडा बसवलेला, म्हणून कॉट हलवायची नाही. टीव्ही समोरच्या भिंतीवर. मी शहाणपणाने लांब वायर जोडून आणली. चौथ्या दिवशी संध्याकाळी दादाची काठी त्या वायरीत अडकली आणि तो पडला. मोडले काही नाही. पण तो खाली पडलेला, वहिनी त्याला उठवते आहे, आणि मी दारात हातात भाजीची पिशवी घेऊन उभी, हे अजून मला झोपेत दिसते. वायर मी ओढली होती. वहिनी मला काही बोलली नाही, एवढेच म्हणाली, "ताई, ती वायर पुन्हा या घरात नको." आणि तिने पेटी माळ्यावर ठेवली. दादाने पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

तेव्हा बिनतार पाहिजे, हे ठरले ते असे.

माझ्या एका विद्यार्थ्याने सुचवले, "मॅडम, टीव्हीला खोचायची कांडी मिळते, बिनतारी रिमोट दोन, आत हजारो गेम. जुनं कशाला?" मी दादाला विचारले. तो म्हणाला, "हजार गेम काय करायचेत? आपला कुठंय त्यात?" बरोबरच होते. आमच्याही कॅसेटवर लाखो खेळ असल्याचे छापले होते, निघाले अकरा.

बिनतारी रिमोटाची हौस तशी जुनी. १९८९ साली निन्टेंडोनेच 'सॅटेलाइट' नावाची पेटी काढली होती. ती टीव्हीच्या रिमोटसारखी अदृश्य उजेडावर चाले. मध्ये कोणी आले की संपले. आमच्या घरात वहिनी चहा घेऊन आली असती की दोन्ही शिपाई ठार. पुढे २००२ साली त्याच कंपनीचा 'वेव्हबर्ड' आला तो रेडिओ लहरींवर, भिंतीआडूनही चालणारा. मात्र सेल टिकावेत म्हणून त्यातली थरथर काढून टाकलेली. आज जे मिळतात ते सगळे लहरींवरचेच: काही आपापल्या खास रिसीव्हरशीच बोलतात, काही ब्लूटूथवर. चीनमधल्या शेंझेनची '८बिटडू' ही कंपनी जुन्या यंत्रांसाठी असे रिसीव्हर करते, म्हणजे नव्या रिमोटाचे बोलणे जुन्या यंत्राच्या भाषेत सांगणारे दुभाषे. 'ब्लूरेट्रो' नावाची एक प्रणाली तर कोणालाही फुकट घेता येते. स्वस्त चिपवर चढवली की नव्या ब्लूटूथ रिमोटांची बोली ती कितीतरी जुन्या यंत्रांना समजावते. भाषांतर विषय शिकवताना मला हे उदाहरण आता फार उपयोगी पडते.

भाषांतराला वेळ लागतो, ही त्यातली मेख. आमचे यंत्र सेकंदाला पन्नास चित्रे काढते. म्हणजे एका चित्राला वीस मिलिसेकंद. प्रत्येक चित्रामागे ते रिमोटाला एकदा विचारते, "काय दाबलेस?" चांगला बिनतारी रिमोट बहुधा एका चित्राच्या आत उत्तर पोचवतो. भुकट रिमोट दोन-चार चित्रे खातो, वर चपटा टीव्ही आणखी काही खातो. मग उडी सम सोडून पडते. यावर उपाय निम्मा रिमोटात आणि निम्मा टीव्हीत: टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावला की टीव्ही चित्राला नटवायचे सोडून देतो आणि लवकर दाखवतो. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून दुकानदार ते सांगत नाही.

आमच्या शेजारच्यांकडे प्लेस्टेशन २ आहे. त्यांचे काम सोपे, त्यांना बिनतारी रिमोट कुठेही मिळतो. फक्त त्या यंत्राच्या मूळ रिमोटावरची बटने किती जोराने दाबली हेही ओळखत, आणि स्वस्तातल्या पुष्कळ बिनतारींना ते जमत नाही. काही खेळ त्यावाचून अडतात. घेण्यापूर्वी एवढे विचारावे. आमचे दुखणे निराळे. मूळ निन्टेंडोच्या निर्यात यंत्राला सात पिनांचा प्लग, आमच्या नकलेला नऊ पिनांचा. मी नऊ पिनांचा रिसीव्हर शोधून मागवला, तो आला, डौलात बसला, आणि चालेना. तो 'सेगा'च्या यंत्राचा होता. पिना नऊच, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. प्लग बसला म्हणजे जमले असे समजू नये, उलट यंत्र जळायचीही भीती. आमचे जळले नाही, हे पूर्वपुण्य.

शेवटी सात पिनांचा योग्य रिसीव्हर घेतला, आणि तो व ट्रंकेतला वायर तुटलेला एक जुना रिमोट घेऊन दर्ग्याच्या वाटेवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथला मुलगा विशीतला असेल. त्याने प्लग उघडला, भिंगातून पाहिले आणि हसला. "मॅडम, दात नौ हैं, पर रिमोट के काम के पाचिच हैं." एक वीज देणारी, एक जमिनीची, आणि तीन बोलण्याच्या: एक विचारणारी, एक मोजणारी, एक सांगणारी. पाच तारा त्याने इकडच्या तिकडे डागल्या. एकनाथांना देवगडावर रात्रभर जागून हिशेबातली एक पै सापडली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, अशी कथा आहे. देवगिरी आमच्यापासून लांब नाही. त्या दुकानात मीही टाळी वाजवली. मुलाने पैसे किती घेतले ते सांगत नाही. वाचकांना खोटे वाटेल.

राहिला रिमोट कोणता, तो प्रश्न. आठवणीपायी मी आधी जुन्यासारखाच दिसणारा चपटा, चौकोनी घेतला होता. दिसायला गोड, पण त्याचे कोपरे तळव्यात रुततात, आणि अधू हाताला धरायला त्यात काहीच नाही. वय वाढले की वस्तू आठवणीसारखी नको, हातासारखी हवी. तो परत केला आणि दोन्ही बाजूंना मुठी असलेला घेतला. त्यात तीन गोष्टी पाहिल्या. एक, दिशेच्या फुलीबरोबर आखूड काठीही असावी. फुलीला अंगठ्याचे टोक लागते, काठी तळव्यानेही ढकलता येते. दोन, 'टर्बो' असावा, म्हणजे बटन नुसते धरून ठेवले तरी गोळ्यांची सर सुटते. आमच्या जुन्या रिमोटांनाही तो होता. तेव्हा टर्बोने खेळणाऱ्याला दादा 'लबाड' म्हणत असे. तीन, बॅटरी मोबाइलच्याच चार्जरवर चढावी, म्हणजे वहिनीला आणखी एक वायर सांभाळायला नको. दादाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एक काठी चालायला, एक खेळायला," तो म्हणाला. पुष्कळ महिन्यांनी तो काहीतरी थट्टेचे बोलला होता. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अपंगांसाठी खास रिमोट मोठ्या कंपन्याही करू लागल्या आहेत: मायक्रोसॉफ्टने २०१८ साली काढला, सोनीने २०२३ साली. ते त्यांच्या नव्या यंत्रांसाठी. पण ही समज कोणालातरी आली, याचे मला बरे वाटले.

आता दर रविवारी दुपारी मी दादाकडे जाते. तो कॉटवर, मांडीवर उशी, उशीवर रिमोट. रिसीव्हर एकच आणला आहे आणि तो पहिल्या जागी लागतो; म्हणून दुसरा, वायरवाला, माझ्याकडे. मी टीव्हीला चिकटून खाली सतरंजीवर बसते, वायर माझ्या मांडीखाली दाबून ठेवते, आणि उठताना गुंडाळून पेटीवर ठेवते. वहिनी ते तपासते. वेरूळला रामेश्वराच्या लेण्यात शिवपार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत. माणसांना घेऊन मी तिथे अनेकदा गेले आहे, आणि डाव कोणाचा चढता आहे यावर नेहमी बोलले आहे. ते खेळायला का बसले असतील, हे कधी मनात आले नव्हते.

बोटांचे म्हणाल तर, मोठे काही सांगण्यासारखे नाही. व्यायामवाली मुलगी म्हणते हलू लागली आहेत, करीत राहा. चेंडू तो अजून दाबीत नाही. 'वर वर, खाली खाली' हा मंत्र डाव्या अंगठ्याने पुरा करायचा, असे त्याने ठरवले आहे. खेळ सुरू करण्याआधी तो रोज प्रयत्न करतो. पाचव्या-सहाव्या खुणेला अंगठा घसरतो. मग तो काठी तळव्याने ढकलू लागतो आणि आम्ही तीनच जन्मांवर खेळतो.

गेल्या रविवारी धबधब्याच्या टप्प्यावर होतो. एकावर एक कपारी, चुकले की खाली. दादा आधी वर गेला आणि थांबला. पूर्वी तो थांबत नसे, पडदा वर ओढून मला मारीत असे. मी नेम धरून उडी मारली. माझा माणूस दोन कपारींच्या मध्ये, गोल गिरकी घेत, आणि एकदम सगळे थांबले. संगीत बंद. धबधबा बंद. माणूस हवेत.

मला वाटले वीज गेली. पण पंखा फिरत होता. मग वाटले रिसीव्हरची तार सुटली. मागे वळून पाहिले. दादाचा उजवा हात उशीवर पालथा पडलेला होता. डावा अंगठा रिमोटाच्या मधोमध, त्या बारीक बटनावर होता, आणि थोडा थरथरत होता.

आतून वहिनीने विचारले, "अहो, आवाज का बंद झाला?"

दादा आढ्याकडे बघत शीळ घालीत होता.